विणीचा हंगाम आणि आपण: घरटी कशी पाहावीत, किती लांबून?

माळवाट (सोलापूर)

पावसाळा तोंडावर आला की पक्षीनिरीक्षणाच्या गटांवर घरट्यांचे फोटो येऊ लागतात. उघड्या चोची, अळी घेऊन आलेली मादी, आणि खाली पहिला प्रश्न ठरलेला: 'लोकेशन?' मला वाटतं घरट्याजवळ न जाताही घरट्याबद्दल भरपूर कळतं. किंबहुना न गेल्यानेच जास्त कळतं, कारण माणूस जवळ असताना पक्षी जे करतो ते त्याचं रोजचं वागणं नसतंच.

वीण चालू आहे हे ओळखायला घरटं दिसावं लागत नाही. गवताचं पातं, कोळिष्टक किंवा कापूस चोचीत धरून एकाच दिशेने पुन्हा पुन्हा जाणारा पक्षी बघा. चोचीत अळी आहे पण गिळत नाही, फांदीवर बसून मान वळवत राहतो, याचा अर्थ पिल्लं जवळच आहेत आणि तुम्ही कधी जाताय याची तो वाट बघतोय. चोचीत पांढरी पिशवी घेऊन घरट्यापासून लांब उडणारा दिसला तर ती पिल्लांची विष्ठा असते, पातळ आवरणात बांधलेली. ती दूर नेऊन टाकल्यामुळे घरटं स्वच्छ राहतं आणि शत्रूला पत्ताही लागत नाही. या खुणा दिसल्या की आहात तिथेच बसा. झाडाची सावली असेल तर उत्तम. मग दुर्बीण आणि वही.

आमच्या माळावर हे सगळ्यात चांगलं शिकवते ती टिटवी. शेताच्या पडीक कोपऱ्यात, खडीच्या ढिगाशेजारी, कधी सपाट गच्चीवरसुद्धा ती अंडी घालते. घरटं म्हणजे जमिनीतला जरासा खोलगट भाग आणि भोवती खडे, वाळक्या लेंड्या. अंडी बहुधा चार, निमुळती टोकं आत केलेली. मातकट रंगावर काळपट ठिपके असल्यामुळे पायाशी असली तरी दिसत नाहीत. नर-मादी पाळीपाळीने साधारण चार आठवडे बसतात आणि पिल्लं बाहेर आली की काही तासांतच चालायला लागतात.

एप्रिल-मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात अंड्यांवर बसणं म्हणजे बऱ्याचदा ऊब देणं नसतं, सावली धरणं असतं. टिटवी पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि तशीच येऊन अंड्यांवर बसते. अशा वेळी दुपारी कुणी फोटोसाठी तिला उठवलं आणि तिथेच रेंगाळलं, तर अंडी उघड्यावर तापतात. आतला जीव जायला फार वेळ लागत नाही. फोटो मिळतो, टिटवी परत येऊन बसते, बघणाऱ्याला वाटतं काहीच बिघडलं नाही. पण ती पुढे कितीही दिवस बसली तरी त्या अंड्यांतून काही निघत नाही.

म्हणून माझं अंतराचं माप मीटरमध्ये नाही. टिटवी ओरडायला लागली, डोक्यावर घिरट्या घालायला लागली, की मी जास्त जवळ आहे. मागे सरायचं, ती शांत होऊन परत बसेपर्यंत. त्या जागेपासून निरीक्षण सुरू. गाडी वाटेवर उभी करून आत बसलात तर पक्षी तुम्हाला लवकर स्वीकारतात. मात्र गाडी वाट सोडून माळात घालू नका. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल, रातवा हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. चाकाखाली काय गेलं ते कळतही नाही.

आणखी एक. आपल्याकडे पक्का समज आहे की माणसाचा हात लागला की वासामुळे पक्षी पिल्लाला टाकतात. तसं होत नाही. ते घरटं सोडतात ते वारंवारच्या त्रासामुळे. शिवाय आपल्या हालचालींकडे कावळे आणि भारद्वाज लक्ष ठेवून असतात. माणूस एखाद्या झुडपाशी वाकून उभा राहिला की तिथे काहीतरी आहे एवढं त्यांना पुरतं.

आपापल्या भागातलं लिहा. कुठला पक्षी, कुठलं झाड, काय पाहिलं. नेमकी जागा नको.

बाल्कनीतली बाग (ठाणे)

धागा अगदी वेळेवर आला. माझ्या कुंडीतल्या रुंद पानांच्या झाडाची दोन पानं शिवून शिंपी पक्ष्याने घरटं केलंय. कडेला भोकं पाडून त्यांतून धागे ओवलेत, आत कापूस. पक्षीण बसलेली असते, शेपटी तेवढी वर दिसते. अडचण अशी की पुढच्या आठवड्यात इमारतीचं रंगकाम आमच्या बाजूला येतंय, परांची बांधणार आहेत. कुंडी उचलून आतल्या खोलीत ठेवली तर चालेल का? पाणी कसं घालू?

माळवाट (सोलापूर)

ताई, कुंडी हलवू नका. घरटं हाताला मिळेल इतकं जवळ असलं तरी पक्षी जागा लक्षात ठेवून येतो. खोलीत गेलेलं घरटं त्याच्यासाठी संपलंच. पाणी बुंध्याशी, हळू, आणि पक्षीण चरायला गेलेली असताना. पानांवर फवारा नको, ओली पानं जड होऊन टाके ताणले जातात. छाटणी, खत, कीटकनाशक सगळं महिनाभर बंद.

शिंप्याचा हिशेब लहान असतो. अंडी बहुधा तीन-चार, उबवायला बारा दिवसांच्या आसपास आणि पिल्लं उडायला साधारण दोन आठवडे. म्हणजे तुम्हाला फार तर महिनाभर निभवायचं आहे. रंगकाम करणाऱ्यांना तुमची बाजू शेवटी घ्यायला सांगून बघा. कारण सांगितलं की माणसं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

उसाचा बांध (कराड)

माळवाट दादा, लेख आवडला. माझं सगळं लक्ष सुगरणीवर, ते लिहितो.

आमच्या विहिरीवर वाकलेली बाभळ आहे, तिच्यावर दरसाल वसाहत असते. पाऊस सुरू झाला, ऊस आणि गवत हिरवं झालं की पिवळ्या डोक्याचे नर कामाला लागतात. पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडायची आणि उडता उडता लांब पट्टी सोलून न्यायची. विणकाम सगळं नराचं. आधी टांगता दोर, मग कडं, मग वरून शिरस्त्राणासारखं अर्धं घरटं. इथवर यायला आठवडाभर जातो. मग तो थांबतो. त्या अर्ध्या घरट्याला लटकून पंख फडफडवत ओरडत राहतो, माद्या येतात, आत शिरतात, ओढून बघतात. मादीने पसंत केलं तरच पुढची नळी विणायची. नाही केलं तर ते तसंच लोंबतं आणि तो नवं सुरू करतो. मादी अंड्यांवर बसली की नर दुसरं घरटं विणून दुसरी मादी बघतो.

हे सगळं नीट पाहून पहिल्यांदा लिहिलं ते डॉ. सालिम अलींनी, १९३० साली, अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम असताना. बाकी काही नाही, रोज एका वसाहतीसमोर बसायचं आणि कोण कुठे गेलं ते टिपायचं. एका गावातल्या एका झाडासमोर बसून केवढं कळलं! मी शेतकरी माणूस, मला हे फार मोलाचं वाटतं, कारण ते झाड माझ्याकडेही आहे.

दोन गोष्टी सांगतो. घरट्यात मातीचे गोळे लावलेले असतात. गावाकडे म्हणतात उजेडासाठी काजवे चिकटवायला. काजवे मी कधी पाहिले नाहीत, माती मात्र प्रत्येक घरट्यात पाहिली. अभ्यासक काही म्हणतात वाऱ्यात घरटं स्थिर राहावं म्हणून, आणि त्यातही सगळ्यांचं एकमत नाही. दुसरं, घरटी बहुतेक पूर्वेच्या अंगाला असतात. नैऋत्येचा पाऊस आणि वारा झाडाच्या आडोशाने अडतो. तुमच्याकडच्या वसाहती बघून सांगा.

आणि विनंती: शहरात ही घरटी शोभेला विकत घेऊ नका. 'रिकामीच तर आहेत' म्हणतात. रिकाम्या घरट्यांत नंतर मुनिया राहतात. शिवाय विकणारा रिकामं कोणतं हे बघून तोडतोच असं नाही.

व्हाळाकाठ (संगमेश्वर)

आमच्याकडे जून उजाडला की पाहुण्यांच्या गाड्या येतात त्या तिबोटी खंड्यासाठी. एवढासा पक्षी, चिमणीपेक्षा लहान, रंग असे की पावसाळी अंधारातही डोळा तिथेच जातो. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर किंवा रस्ता खणताना उघड्या पडलेल्या मातीच्या दरडीत तो बीळ कोरतो. अंडी चार-पाच, नर-मादी दोघं उबवतात. पिल्लांना भरवतात ते खेकडे, कोळी, बेडूक, सापसुरळ्या. बिळासमोर एखादी वेल, नेच्याचं पान, वाळकी काटकी असते. तीच त्याची बसायची जागा आणि तोच आडोसा.

आता काय होतं बघा. 'समोर स्वच्छ पाहिजे' म्हणून ती वेल कापतात. पक्ष्याने हवी तिथे बसावं म्हणून दुसरी काठी रोवतात. मोबाईलवरून आवाज वाजवतात, त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर आला, तो अन्न चोचीत घेऊन बिळात जायचं सोडून त्या आवाजाभोवती फिरत राहतो. पिल्लं आत वाट बघतायत. आडोसा गेलेलं बीळ सापाला, मुंगसाला सहज सापडतं. एका दरडीत ओळीने दोन हंगाम मी बीळ पाहिलं होतं. समोरची झाडोरी साफ झाली त्या वर्षी पिल्लं निघाली नाहीत आणि पुढच्या वर्षी पक्षी तिथे आला नाही.

नवरंगाचंही तेच. तो पावसाळ्यात विणीला येतो आणि तो शीळ घालतो तेव्हा त्याचं सगळं चित्त जोडीदारावर आणि हद्दीवर असतं. त्याच वेळी त्याला रेकॉर्डिंग ऐकवून उघड्यावर काढायचं, हे मला पाहवत नाही.

कॅमेरा आणि छत्री (पुणे)

मी छायाचित्रण करतो, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. व्हाळाकाठ, तुम्ही लिहिलंत ते होतं, मीही पाहिलंय आणि चीड येते. पण घरट्याचे फोटो सरसकट वाईट, हे मान्य नाही. पिल्लांना काय भरवलं जातं हे फोटोतून जितकं नेमकं ओळखता येतं तितकं दुर्बिणीतून येत नाही. सापसुरळी कोणती, चतुर किडा कोणता, हे पुढे अभ्यासाला उपयोगी पडतं. आणि गावातल्या कितीतरी लोकांना आपल्या दरडीत काय राहतं हे फोटोमुळेच कळलं. जे आवडतं ते माणूस राखतो.

माझी पद्धत: मोठी लेन्स, आधीपासून असलेला आडोसा, फ्लॅश नाही, आवाज नाही, एकाही पानाला हात नाही. पक्षी दोन-तीनदा माझ्यामुळे बिळात न शिरता परत फिरला की मी उठतो.

व्हाळाकाठ (संगमेश्वर)

दादा, सगळे तुमच्यासारखे बसले तर माझी तक्रार नाही. पण तुमचा तो फोटो गटावर गेला की दुसऱ्या दिवशी येणारे दहा जण तुमच्यासारखे नसतात. तुम्ही एक तास शांत बसलात, तुमच्या मागून दुसरा, मग तिसरा. पक्ष्याला माणसं वेगळी कळत नाहीत, त्याच्यासाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दरडीसमोर कुणीतरी आहेच. फोटो काढा, पण पिल्लं उडून जाईपर्यंत स्वतःजवळ ठेवा. पाऊस संपल्यावर टाका. अभ्यासाला तेव्हाही तेवढाच उपयोगी.

कॅमेरा आणि छत्री (पुणे)

हे पटलं. या हंगामापासून तसंच करेन आणि आमच्या गटातही हा नियम मांडतो.

माळवाट (सोलापूर)

व्हाळाकाठ, तुमच्या म्हणण्याला कायद्याचाही आधार आहे, हे अनेकांना माहीत नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हे धरलेलं आहे. म्हणजे बंदूकच लागते असं नाही. देशातल्या बऱ्याच पक्षीगटांनी आणि छायाचित्र-संकेतस्थळांनी घरट्यांचे फोटो घेणंच बंद केलंय, तेही याच कारणाने.

गाविलगड (अमरावती)

जागा लपवण्याबद्दल एक मुद्दा. काही जण जागा लपवायची म्हणून मुद्दाम चुकीचं ठिकाण लिहितात. हेतू चांगला असतो, पण कृपया असं करू नका. आमच्या भागातल्या वनपिंगळ्याची गोष्ट यासाठी सांगावीशी वाटते.

वनपिंगळा हे छोटं घुबड शास्त्राला माहीत झालं १८७३ मध्ये, ह्यूम या ब्रिटिश पक्षीअभ्यासकाच्या वर्णनाने. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. फक्त एक नमुना असा होता की ज्याच्या चिठ्ठीवर साल १९१४ आणि गुजरातमधलं ठिकाण होतं, जमा करणारा रिचर्ड मायनर्ट्झहॅगन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी. ती चिठ्ठी खोटी निघाली. त्याने ब्रिटिश संग्रहालयातला जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, स्वतःचा म्हणून दाखवला होता. तोवर पक्ष्याचा शोध त्या खोट्या जागेकडेही वळला होता. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासून खरी ठिकाणं वेगळी काढली आणि सहकाऱ्यांबरोबर तिथे शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. पुढे तो तोरणमाळला, मेळघाटात, यावलला, तानसाला सापडत गेला.

एका खोट्या चिठ्ठीचा असा परिणाम होतो. वहीत जागा खरी आणि नेमकी लिहा. जाहीर लिहिताना फक्त तालुका लिहा, किंवा काहीच लिहू नका. न सांगणं आणि खोटं सांगणं यांत फरक आहे.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणाऱ्यांसाठी: तिथे विणीच्या खुणांना संकेत आहेत. घरट्याचं साहित्य नेताना, अन्न नेताना, नुकतीच उडालेली पिल्लं, असे. माळवाट यांनी सांगितलेल्या बहुतेक खुणा त्यांत बसतात, म्हणजे घरट्यापर्यंत न जाताही तुमची विणीची नोंद पक्की होते.

लांबचा प्रवासी (न्यू जर्सी)

टिटवीचं वाचून राहवलं नाही. इथे तिच्याच कुळातला किलडिअर आहे, तोही खडीच्या वाहनतळावर आणि सपाट छपरावर चार अंडी घालतो. कुणी जवळ गेलं की पंख मोडल्याचं सोंग करून लंगडत लंगडत लांब नेतो आणि पुरेसं लांब नेलं की उडून जातो. आमच्या इमारतीसमोर दरवर्षी कुणीतरी त्या खडीभोवती नारिंगी शंकू ठेवून देतं आणि गाड्या वळसा घालून जातात.

इथे कॉर्नेलच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचा 'नेस्टवॉच' नावाचा उपक्रम आहे. त्यात सामान्य लोक घरट्यांच्या नोंदी करतात, पण आधी नियम शिकावे लागतात. घरट्याकडे तीन-चार दिवसांतून एकदाच जायचं. भल्या सकाळी नाही, कारण तेव्हा अनेक पक्षी अंडी घालत असतात. पावसात आणि कडक थंडीत नाही. थांबायचं ते मिनिटभर. आणि पिल्लं उडायच्या बेतात आली की अजिबात जवळ जायचं नाही, घाबरून ती वेळेआधी बाहेर उडी मारतात. हा शेवटचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पिल्लं पिसांनी भरलेली, गोंडस दिसायला लागतात तेव्हाच लोकांना जवळ जावंसं वाटतं.

जुनं झाड (पुणे)

पुण्यात राखी धनेश (हॉर्नबिल) पक्षी आहेत हे अजून अनेकांना माहीत नाही. जुन्या रस्त्यांवरच्या मोठ्या झाडांच्या ढोल्या हे त्यांचं सगळं भांडवल. धनेश स्वतः ढोली कोरू शकत नाही, झाड म्हातारं होऊन फांदी गळून पडलेल्या जागी किंवा तांबट, सुतार या पक्ष्यांनी कोरून ठेवलेल्या भोकात पुढे मोठी पोकळी तयार व्हावी लागते. मादी आत जाते आणि विष्ठा, चिखल, फळांचा चोथा यांनी दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट उरते. त्यानंतर तिचं, आणि पुढे पिल्लांचंही, पोट नरावर अवलंबून. वड, पिंपळ, उंबर यांची फळं तो घशात साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून देतो.

समोरच्या गच्चीवर बसून हे पूर्ण दिसतं, पक्ष्याला काडीचा त्रास नाही. मी नर किती वेळाने येतो आणि काय आणतो एवढंच लिहिते. सुरुवातीला बहुतेक फळं असतात. पिल्लं अंड्यांतून बाहेर पडण्याच्या सुमारास किडे, सरडेही दिसायला लागतात.

पण हा काळ मार्च ते जून. आणि पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी होते ती बरोबर एप्रिल-मेमध्ये! आत मादी कोंडलेली आहे, उडायची पिसं गळलेली आहेत, आणि त्याच फांदीला करवत लागते. आमच्या गल्लीत वेळेत बघितलं म्हणून थांबलं. शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, छाटणीला परवानगी लागते. परवानगी मागताना आणि देताना ढोलीत, फांदीवर वीण चालू आहे का हे कुणी बघत नाही. म्हणून आपण बघायचं. फेब्रुवारीतच आपल्या रस्त्यावरच्या ढोल्यांची यादी करून ठेवा आणि लेखी अर्ज द्या. धोकादायक फांदी असेल तर ती उतरवावीच लागेल, पण बाकीची छाटणी हिवाळ्यात करता येते.

बाल्कनीतली बाग (ठाणे)

माळवाट, मुकादमाला बोलावून घरटं लांबून दाखवलं. त्याने स्वतःच आमची बाजू शेवटी ठेवली आणि माणसांना सांगितलं. आज पक्षी चोचीत बारीक अळी घेऊन आला, म्हणजे पिल्लं निघाली असावीत.

माळवाट (सोलापूर)

ताई, फार आनंद झाला. आता दोन आठवडे कपडे वाळत घालायची दोरी तेवढी त्या कुंडीपासून लांब बांधा.

फळा आणि खडू (बीड)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मुलांना घेऊन हे करायचं आहे, पण भीती वाटते. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा खिशात साळुंकीचं पिल्लू घेऊन आला. 'खाली पडलं होतं' म्हणाला. अशा वेळी काय करायचं? आणि मुलांना लांबूनच पाहता येईल असं काही सुचवा. दुर्बीण शाळेत एकच आहे.

जुनं झाड (पुणे)

सर, पिल्लू बिनपिसांचं असेल आणि घरटं हाताशी असेल तर उचलून परत ठेवायचं. वर माळवाट यांनी लिहिलंच आहे, वासामुळे पालक टाकत नाहीत. पिसं आलेली असतील, उड्या मारत असेल, तर ते हरवलेलं नसतं. उडायला शिकणारी पिल्लं काही दिवस जमिनीवर, झुडपात असतात आणि आईबाप तिथेच भरवतात. मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा जवळच्या फांदीवर ठेवायचं आणि निघून यायचं. घरी नेऊन दूध-भात घालणं हे सगळ्यात वाईट.

उसाचा बांध (कराड)

सर, दुर्बीण नसली तरी कावळा आहे की. आमचे आजोबा सांगायचे, कावळ्याने आंब्यावर, करंजावर घरटं केलं तर पाऊस चांगला, काटेरी झाडावर केलं तर ओढ. मुलांना हेच तपासायला सांगा. गावातली कावळ्याची सगळी घरटी, झाड कोणतं, जमिनीपासून किती उंच, शेंडा की मधली बेचकी. शेजारी तुमच्या महसूल मंडळातल्या पावसाचा आकडा. चार-पाच वर्षं ही वही चालली तर आजोबांचं म्हणणं किती खरं ते मुलंच सांगतील. घरटं मोठं असतं, उंच असतं, नुसत्या डोळ्यांनी दिसतं आणि कुणी हात लावायच्या फंदात पडत नाही.

गाविलगड (अमरावती)

आणि त्याच घरट्यावर कोकिळेचा खेळही बघायला मिळतो. नर काळा, ओरडून कावळ्यांना मागे पळायला लावतो, तोवर ठिपक्यांची मादी अंडं घालून मोकळी होते. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या आधी फुटतं. पुढे कावळा वेगळ्याच दिसणाऱ्या पिल्लाला भरवताना दिसला की मुलांना समजवायला काही लागणार नाही. सातभाईंच्या थव्यात पावशाचं किंवा चातकाचं पिल्लू भरवताना दिसतं तेही दाखवा. थव्यातले बरेच जण मिळून भरवतात, त्यामुळे ते लवकर लक्षात येतं.

माळवाट (सोलापूर)

सर, शाळेचाच विषय निघाला म्हणून एक कळकळीने सांगतो. जुलैत वृक्षारोपण असतं आणि जागा म्हणून बहुतेक वेळा गावाचा 'ओसाड' माळ निवडला जातो. तो ओसाड नसतो. आमच्या नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते माळढोकासाठी. माळढोक गवतात उघड्यावर एखादंच अंडं घालणारा पक्षी, आणि आज तो तिथे दिसणं दुरापास्त आहे. गवताळ माळावर ओळीने खड्डे घेतले की चंडोल, धाविक, माळटिटवी यांची त्या हंगामाची वीण त्याच दिवशी संपते. आणि झाडं जगली तर त्या पक्ष्यांची जागाच कायमची जाते, कारण झाडावर बसून कावळा आणि शिकारी पक्षी जमिनीवरची अंडी-पिल्लं टेहळतात. झाडं लावा, जरूर लावा, पण शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, गावठाणात, ओढ्याकाठी. माळावर न्यायची असतील तर मुलं न्या, वाटेवर बसवा आणि डोंबारी चंडोल उंच जाऊन गात गात खाली कसा झेपावतो ते दाखवा.

फळा आणि खडू (बीड)

माळवाट सर, आमचे खड्डे माळावरच ठरले होते. मुख्याध्यापकांशी आज बोललो, जागा बदलून ओढ्याकाठची घेतोय. कावळ्याची वही सुरू करतो. फक्त जून अर्धा उलटला, यंदाची घरटी नोंदवायला उशीर झाला का?

उसाचा बांध (कराड)

नाही सर. कावळा एप्रिल-मेमध्ये बांधायला घेतो, पण काही घरट्यांत अजून पिल्लं असतील. यंदा मुलांकडून झाडं आणि उंची तेवढी नोंदवून घ्या. पुढच्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला, परीक्षेच्या आधी, कावळा काड्या तोडताना दिसला की पहिली तारीख टाका. पाऊस मोजायला शाळेत पर्जन्यमापक नसेल तर मंडळाचा आकडा तलाठ्याकडे मिळेल.